जुनी मोटार आणि चालविणाराची बैठक

मोटारीविषयीं बोलणें निघालें म्हणजे तें बहुधा तिच्या यंत्राविषयीं निघतें. इंजिन किती शक्तीचें आहे, एका लिटरांत गाडी किती जाते, टायर नवे आहेत कीं झिजलेले, हे प्रश्न प्रत्येकजण विचारतो. परंतु ज्याच्या हातीं ती गाडी द्यावयाची तो मनुष्य तींत बसतो कसा, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. शिंप्याचें यंत्र, सोनाराची बैठक, कारकुनाची खुर्ची, विद्यार्थ्याचें बाक, यांपैकीं कोठेंहि बसणें चुकलें कीं काम बिघडतें, हें आपणांस ठाऊक आहे. ज्याचें अर्धें आयुष्य मुलांना 'नीट बस' असें सांगण्यांत गेलें त्या शिक्षकास तर तें अधिकच ठाऊक असतें. मोटार चालविणें हें असें काम आहे कीं त्यांत दोन हात, दोन पाय, डोळे आणि पाठ हीं सर्व एकाच वेळीं राबतात. आणि तेथें चूक झाली तर वहीवर शाईचा डाग पडून भागत नाहीं. म्हणून आज मी बोलणार आहें तें या बैठकीविषयीं. आणि तेंहि जुन्या, दोन आसनी, ठेंगण्या बांध्याच्या मोटारींतील, म्हणजे जिला आपण स्पोर्ट्स कार म्हणतों तींतील, बैठकीविषयीं.

अशा मोटारी आपल्याकडे आहेत तरी किती, असें कोणी विचारील. संख्येनें त्या थोड्या, हें खरें. मुंबईस जुन्या मोटारींचे मेळावे भरतात तेथें त्या रांगेनें उभ्या दिसतात; इतर शहरांतूनहि कांहीं घरांत त्या वडिलोपार्जित ठेव्याप्रमाणें जपलेल्या असतात. एम. जी. या इंग्लिश कारखान्याची टी. सी. नांवाची दोन आसनी गाडी १९४५ ते १९४९ या काळांत निघाली. तिच्या वरच्या भागाचा सांगाडा अ‍ॅश जातीच्या लाकडाचा असून त्यावर पत्रा मढविलेला असे. मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यानें १९६१ पासून १९७१ पर्यंत 'हेरल्ड' ही गाडी काढली. ती मूळची इंग्लंडांतील ट्रायंफ कारखान्याची, १९५९ सालची. तिचा आराखडा मिकेलोत्ती या इटालियन रेखनकारानें केला होता, आणि तिच्याच चौकटीवरून पुढें १९६२ सालीं ट्रायंफनें 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्स कार सिद्ध केली. म्हणजे पाहतांना साधी वाटणारी हेरल्ड ही एका शर्यती बांध्याच्या गाडीची थोरली बहीण होय.

तुलनेसाठीं मात्र आपण सर्वांच्या परिचयाची गाडी घेऊं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी फियाट १९७४ पासून 'पद्मिनी' या नांवानें घरोघर ठाऊक झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तिच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनें मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. या गाडीच्या जुन्या घडणींत पुढचें आसन बाकासारखें सलग असे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे, आणि चालविणारा जेवणाच्या टेबलाशीं खुर्चीवर बसावा तसा ताठ बसे. स्पोर्ट्स कारची बैठक याच्या अगदीं उलट. ती आपल्या ओटीवरच्या आरामखुर्चीसारखी आहे. कंबर खालीं, पाय पुढें लांब, पाठ मागें कललेली. आरामखुर्चींत पडून वर्तमानपत्र वाचणें सुखाचें खरें. परंतु आरामखुर्चींत पडून लोणच्याचा आंबा फोडा असें कोणी सांगितलें तर काय होईल, याची कल्पना करावी. जुन्या स्पोर्ट्स कारमधील सर्व अडचणीचें मूळ या एका विरोधांत आहे.

मग गाडी इतकी ठेंगणी करावीच कां? कारण उघड आहे. पाण्यानें भरलेला उभा पेला जरा धक्का लागतांच आडवा होतो. ताट होत नाहीं. वजन जितकें जमिनीजवळ, तितकी वस्तु स्थिर. वळणावर वेगानें जाणारी गाडी बाहेरच्या बाजूस कलूं पाहते. तिचें वजन, आणि त्याबरोबर माणसाचेंहि वजन, खालीं आणलें म्हणजे ती कमी कलते. शिवाय गाडीची उंची कमी झाल्यानें वारा कापणें सोपें जातें. अशा रीतीनें गाडीचा फायदा झाला. किंमत चालविणारानें दिली. छत खालीं आलें म्हणून आसन खालीं गेलें. आसन खालीं गेलें म्हणून पाय आडवे झाले. पाय आडवे झाले म्हणून गुडघे वर आले, आणि गुडघे वर आले तेथें स्टिअरिंगचें चाक आधींच येऊन बसलेलें!

हें चाकहि लहान नसे. त्या काळीं चाक फिरविण्यास यंत्राचें साहाय्य नव्हतें. जें काय बल लावावयाचें तें दंडांचें. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला कीं कमी जोर लागतो, त्याच न्यायानें चाक मोठें ठेवावें लागे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे शर्यतींतील चालक चाकाशीं अगदीं छाती नेऊन, कोंपरें वांकवून बसत, तें याच कारणानें. पुढें इटलीचा ज्युसेप्पे फारिना, जो १९५० सालीं पहिला जागतिक विजेता ठरला, तो हात लांब करून, चाकापासून दूर रेलून गाडी चालवी. ती ढब इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉस यानेंहि उचलली आणि पाहतां पाहतां ती ऐटीची खूण झाली. परंतु फारिनाची ढब ही फारिनाच्या गाडीसाठीं होती. मुंबईहून रत्नागिरीस सणाला येणाऱ्या गृहस्थानें तिचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं. हात पूर्ण ताणलेला असला म्हणजे खांद्याला विसावा मिळत नाहीं, आणि वळणावर चाकाची वरची कड हातांतून निसटूं पाहते.

आतां शरीराकडे वळूं. आपला पाठीचा कणा सरळ काठीसारखा नाहीं. कंबरेपाशीं त्याला आंतल्या बाजूस एक नैसर्गिक वांक आहे. उभें राहिलों म्हणजे तो वांक टिकतो. पाय पुढें करून, कंबर खचवून बसलों म्हणजे तो नाहींसा होतो आणि मणक्यांमधील गाद्यांवरचा दाब वाढतो. स्वीडनमधील शस्त्रवैद्य आल्फ नाकेमसन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत या गाद्यांमधील दाब प्रत्यक्ष मोजून असें दाखविलें कीं, आधारावांचून बसलेल्या माणसाच्या कण्यावर उभ्या माणसापेक्षां अधिक दाब येतो. मोटारींत याशिवाय एक उपद्रव असतो, तो म्हणजे हादरे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारें चार ते सहा आंदोलनांच्या हादऱ्यांस सर्वांत अधिक साथ देतो. आणि मोटारींत बसल्या जागीं जाणवणाऱ्या हादऱ्यांत नेमका हा पल्लाहि येतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंगा ताठ, त्यांत आसनाची गादी दबून गेलेली. मग प्रत्येक खड्डा कंबरेस कळल्यावांचून राहत नाहीं.

येथें एक उदाहरण देतों. आमच्या पावसला दर मे महिन्यांत मुंबईहून येणारें एक कुटुंब आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक दोन आसनी विलायती गाडी आहे. वडील चांगले सहा फूट उंच. त्यांनीं आसन मागें सारून आपल्या मापानें बसवून घेतलेलें. चिरंजीव निघाले पांच फूट तीन इंच, आणि सूनबाई त्याहून दोन इंच कमी. गृहस्थांचा डावा पाय चिपळूण येईपर्यंत बधिर होई. घाटांत क्लच दाबतांना सारी कंबर पुढें सरकवावी लागे. सूनबाई गाडी चालविण्यांत पतीपेक्षां तरबेज. परंतु या गाडीचा क्लच त्यांच्या पायाला पुरतच नसे. दोन वर्षें असें चालल्यावर गृहस्थांनीं गाडी विकण्याचें ठरविलें. धाकटे बंधु म्हणाले, "वडिलांची गाडी आहे, विकूं देणार नाहीं, आणि तिच्या एका खिळ्यालाहि हात लावूं देणार नाहीं." म्हणजे गाडी ठेवावी तर पाठ जाते, आणि पाठ राखावी तर गाडी जाते, अशा पेचांत घर सांपडलें. हा पेच सोडवितांना ज्या गोष्टी पहाव्या लागल्या त्याच मी क्रमानें सांगतों. कारण क्रम चुकला तर एक दुरुस्ती दुसरीला खाऊन टाकते.

पहिली गोष्ट, आसन मुळांत शाबूत आहे कीं नाहीं तें पहावें. पुष्कळ वेळां ज्याला आपण गाडीच्या आराखड्याचा दोष म्हणतों तो केवळ म्हातारपणाचा दोष असतो. गादीखालच्या स्प्रिंगा किंवा रबरी पट्टे सैल होतात, आंतील भरण चुरा होतें, आणि मनुष्य दोन इंच खालीं व मागें खचतो. मग गादीची पुढची लोखंडी कड मांडीखालीं रुततें अशा जागीं येते, तेथील शिरा दबतात, आणि पायाला मुंग्या येतात. आमच्या किनाऱ्यावर खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांनीं हें काम लवकर होतें. आसन बाहेर काढावें, स्प्रिंगा तपासाव्या, आणि गाडीचा तळ जेथें बोल्ट बसतात तेथें पत्रा कुजला आहे काय तें टोंचून पहावें. कुजलेल्या पत्र्यावर बसविलेलें आसन धडक बसतांच माणसासह उखडतें. म्हणून हें काम आधीं. भरणासाठीं रबराचा रस देऊन बांधलेला काथ्या चांगला. त्यांतून हवा खेळते व तो एकदम दबत नाहीं. फार मऊ फोम घालूं नये. मऊ गादी दुकानांत दोन मिनिटें सुखाची वाटते. शंभर किलोमीटरनंतर तींत बसलेल्या माणसाचीं हाडें तळास टेकलेलीं असतात.

दुसरी गोष्ट उंची. उंची आधीं ठरवावी. कारण ती बदलली कीं पुढचीं सर्व मापें बदलतात. डोळे चाकाच्या वरच्या कडेवरून रस्ता पाहतील, आणि समोरच्या कांचेच्या वरच्या चौकटीपासून चांगले खालीं राहतील, इतकी उंची योग्य. जुन्या गाड्यांच्या कांचा बुटक्या असल्यामुळें उंच माणसाच्या नेमक्या डोळ्यांसमोर चौकट येते, आणि ठेंगण्या माणसास चाकाच्या आऱ्यांतून पहावें लागतें. उंच माणसासाठीं गादीचें भरण पातळ करावें किंवा आसन ज्या लाकडी ठोकळ्यांवर बसविलेलें असेल ते काढून टाकावे. ठेंगण्यासाठीं भरण घट्ट व जाड करावें. येथेंच दुसरें एक काम करून घ्यावें. मांडीला आधार मिळावा म्हणून आसनाचा पुढचा भाग किंचित् उचलावा. पुढच्या बोल्टांखालीं जाड वायसर किंवा पोलादी तुकडे घातले कीं हें साधतें. पुढच्या व मागच्या बोल्टांमध्यें पंधरा इंच अंतर असेल व पुढें अर्धा इंच उचललें, तर आसन सुमारें दोन अंशांनीं कलतें. ऐकण्यास हें क्षुल्लक वाटतें. परंतु ब्रेक लावल्यावर पुढें घसरणारें शरीर तेवढ्यानेंहि जागेवर बसतें.

तिसरी गोष्ट पेडलांचें अंतर. क्लच तळापर्यंत दाबून पहावा. त्या वेळीं गुडघा थोडा वांकलेला असलाच पाहिजे. पाय पूर्ण ताठ झाला तर अंतर जास्त; चाकाला गुडघा लागला तर कमी. ही परीक्षा क्लचवर घ्यावी, कारण सामान्यतः त्याचाच प्रवास लांब असतो. आसन ज्या रुळांवर सरकतें ते रूळ जुन्या गाडींत बहुधा गंजून अडकलेले असतात. ते स्वच्छ करून वंगण दिलें तर निम्मीं गाऱ्हाणीं तेथेंच मिटतात. तेवढ्यानें न भागल्यास रूळ व तळ यांमध्यें जास्त भोंकें असलेली पोलादी पट्टी घालून सर्व आसन पुढें किंवा मागें नेतां येतें. तळाला नवें भोंक पाडावें लागत नाहीं. पाय फारच आंखूड पडत असेल तर पेडलावर आवळून बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा लावावा. मात्र तो एकट्या क्लचला लावून थांबूं नये. ब्रेकचें पेडलहि त्याच पातळीस आणावें, नाहीं तर घाईच्या क्षणीं पाय फसतो. ठोकळा स्क्रूनें पक्का हवा, दोरीनें बांधलेला नव्हे; आणि पायाखालीं सरकणारी चटई कदापि असूं नये.

याच ठिकाणीं जुन्या गाड्यांची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. आपल्या उजव्या हाताच्या गाडींत गिअरबॉक्सचा फुगवटा चालविणाराच्या डाव्या पायाशीं येतो. त्यामुळें कित्येक गाड्यांत तिन्ही पेडलें आसनाच्या मध्यरेषेपासून उजवीकडे सरकविलेलीं असतात. मनुष्य समोर पाहतो, पण त्याची कंबर तिरपी बसते. पेडलें हलवितां येत नाहींत. म्हणून आसनच अर्धा-पाऊण इंच त्या बाजूस सरकवितां आलें तर पहावें. निदान डावा पाय क्लचवर नसतांना टेकावयास, फुगवट्याच्या कडेला, एक तिरपी फळी बसवावी. ही फळी अगदीं स्वस्त, आणि सर्व दुरुस्त्यांत तिचें पुण्य मोठें. विसाव्याची जागा नसली म्हणजे पाय क्लचवरच राहतो. त्यानें पायहि झिजतो आणि क्लचहि.

चौथी गोष्ट आसनाची पाठ. तिचा कल ठरविण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही खांदे पाठीला टेकवून हात लांब करावा. मनगट चाकाच्या माथ्यावर आरामांत टेकलें पाहिजे. नुसतीं बोटें पोंचत असतील तर पाठ फार मागें आहे. कोंपरापर्यंतचा हात पलीकडे जात असेल तर फार पुढें. येथें भूमितीचा एक धडा उपयोगी पडतो. खांदा आसनापासून वीस इंच उंचीवर आहे असें धरलें, तर पाठ केवळ पांच अंश कलविल्यानें खांदा जवळ जवळ पावणेदोन इंच हलतो. म्हणजे पाय जागच्या जागीं राहून हातांचें अंतर बदलतें. पुष्कळ लोक हात पुरत नाहीं म्हणून सर्व आसन पुढें ओढतात आणि गुडघे चाकांत अडकवितात. त्यांनीं पाठ तेवढी उभी करावी. कंबरेच्या वांकापाशीं दीड इंच जाडीची घट्ट गुंडाळी, पट्ट्यानें बांधून, ठेवावी. तिची जागा कमरपट्ट्याच्या किंचित् वर. फार वर सरकली तर ती उपकाराऐवजीं अपकार करते. दोघांनीं एक गाडी चालवावयाची असेल तर ठेंगण्या व्यक्तीसाठीं पाठीमागें बसणारी दोन इंच जाड, कडक उशी करावी. ती काढली कीं दुसऱ्याची बैठक तयार.

पांचवी गोष्ट स्टिअरिंगचें चाक. ही पांचवी आहे हें लक्षांत ठेवावें. हौशी लोक तिलाच पहिली मानतात. १७ इंच व्यासाचें चाक काढून १५ इंचांचें बसविलें तर मांडी व चाकाची कड यांमध्यें एक इंच जागा वाढते. परंतु तराजूचें दुसरें पारडें असें कीं, हाताला लागणारें बल शेंकडा सुमारें १३ नें वाढतें. उभ्या गाडीचें चाक फिरवितांना हा फरक खांद्यांस चांगला कळतो. शिवाय लहान चाकाची कड वेगमापकाच्या तबकडीवर आडवी येत नाहीं ना, हेंहि पहावें. कांहीं गाड्यांत खांबाची लांबी कमी-अधिक करण्याची सोय मुळांतच असते. हेरल्डमध्यें ती होती. तेथें नवें चाक घेण्यापूर्वीं तो खांब सोडवून पहावा. चाक छातीकडे आणण्यासाठीं मध्यें ठोकळा घालण्याची मात्र घाई करूं नये. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचा हा खांब अखंड पोलादी असे. समोरून धडक बसली तर तो भाल्यासारखा मागें येई. धडकेंत आपोआप दुमडणारे खांब १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रथम अमेरिकन गाड्यांत सर्रास आले. ज्या गाडींत असा खांब नाहीं आणि हवेची पिशवीहि नाहीं, तींत छाती व चाक यांमध्यें एक वीत अंतर तरी राखावेंच.

सहावी गोष्ट आरसे आणि पट्टे. बैठक पक्की झाल्यावरच आरसे बसवावे. आधीं बसविलेला आरसा नव्या डोळ्यांस जुना रस्ता दाखवितो. तीन ठिकाणीं बांधला जाणारा पट्टा वोल्वो कारखान्याच्या नील्स बोलिन यांनीं १९५९ मध्यें सिद्ध केला. आपल्याकडे नव्या गाड्यांच्या पुढील आसनांस तो १९९४ पासून सक्तीचा झाला. त्यापूर्वींच्या गाडींत तो असेलच असें नाहीं. बसवून घ्यावयाचा तर तो लोखंडी चौकटीला बांधावा. लाकडी सांगाड्याला किंवा नुसत्या पत्र्याला बांधलेला पट्टा म्हणजे वाळूंत रोंवलेली खुंटी. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कुल्ल्याच्या हाडांवर आला पाहिजे. येथें पुन्हां मऊ गादीचा दोष दिसतो. धडकेच्या वेळीं शरीर गादींत दबून पट्ट्याखालून पुढें निसटतें आणि पट्टा पोटांत शिरतो.

आतां धाकट्या बंधूंचा आक्षेप. तो नुसता भावनेचा नाहीं; त्याला कायद्याचाहि आधार आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणींतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. तसेंच जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून अधिक जुन्या वाहनांसाठीं 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. मूळ स्वरूपांत राखलेलीं, चौकट, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलीं वाहनें त्यांत बसतात. त्यांच्या क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात, आणि अशीं वाहनें नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहींत. म्हणून तळ कापणें, चौकटीला झाळ देणें, पेडलांची मुळें हलविणें, हे मार्ग सोडावे. उशी, गुंडाळी, वायसर, भोंकांची पट्टी, आवळून बसणारा ठोकळा, या सर्व वस्तु पाना फिरवून परत काढतां येतात. जी दुरुस्ती एका दुपारीं मागें घेतां येते ती जुन्या वस्तूचा अपमान करीत नाहीं, असा नियम मानण्यास हरकत नाहीं.

पावसच्या गाडीचें काम याच नियमानें झालें. आसन उचललें तेव्हां गादीखालीं निम्म्या स्प्रिंगा तुटलेल्या निघाल्या. बधिर पायाचें अर्धें कारण तेथेंच सांपडलें. रत्नागिरीच्या एका गादीवाल्यानें नव्या स्प्रिंगा व काथ्याचें भरण घालून वरचें जुनें चामडें तसेंच चढवून दिलें. रूळ मोकळे केले. पट्टी घालून आसन दोन इंच पुढें घेतलें. क्लच व ब्रेक या दोहोंस एकेक इंचाचे ठोकळे बसविले. डाव्या पायाला फणसाच्या लाकडाची फळी दिली. सूनबाईंसाठीं पाठीची वेगळी उशी केली. चाकाला हात लावला नाहीं. वडिलांच्या हातांनीं गुळगुळीत झालेलें तें चाक आहे तेथेंच आहे. जे मूळ बोल्ट व वायसर निघाले ते एका डब्यांत भरून, वर चिठी चिकटवून, धाकट्या बंधूंच्या स्वाधीन केले. त्यांनीं ते मोजून घेतले आणि मगच संमति दिली. आसन अजूनहि ठेंगणेंच आहे; तींतून उतरतांना गुडघे कुरकुरतात, आणि त्यावर उपाय नाहीं. परंतु पाय बधिर होणें थांबलें, आणि गोळपचा चढ आतां सूनबाई गाडी स्वतः चालवून चढतात. विकण्याची भाषा त्या घरांत तूर्त बंद आहे.

शेवटीं एक गोष्ट सर्वच मोटारवाल्यांना लागू आहे, गाडी जुनी असो कीं नवी. कितीहि उत्तम बैठक केली तरी मनुष्य एकाच ठेवणींत फार वेळ बसण्यासाठीं घडलेला नाहीं. दोन तासांनीं थांबावें, खालीं उतरावें, पांच मिनिटें चालावें; कण्यांतील गाद्यांस तेवढा अवसर पुरे. आणि दुसरी गोष्ट, गाडी घरांतील ज्या ज्या माणसानें चालवावयाची त्या प्रत्येकाचें माप घ्यावें. जुन्या मोटारी बहुतांशीं मध्यम उंचीचा पुरुष डोळ्यांपुढें ठेवून बांधल्या गेल्या. बाकीच्यांनीं आपलें शरीर त्या मापांत कोंबावें अशी अपेक्षा होती. शाळेंत पहिलीच्या मुलाला सातवीच्या बाकावर बसवून त्याचें अक्षर वाईट म्हणणें जसें अन्यायाचें, तसेंच हें. बाक आधीं त्याच्या मापाचें करावें, आणि मग अक्षराची परीक्षा घ्यावी.